तीन वाजताचं पाणी

रविवार, १४ डिसेंबर १९९७

आले एकदाची सरावलीला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे हातभर ओटा. टेम्पोवाल्याने एक खोकं जपून उचलत विचारलं, ताई, टीव्ही काय? मी हो म्हटलं. टीव्ही कसला डोंबलाचा, धाकट्या भावाने, कमलाकांतने, मस्कतहून पाठवलेलं माझं श्वासाचं यंत्र आहे ते. बावन्न वर्षांची बाई घोरते म्हणून तिला यंत्र लागतं, हे टेम्पोवाल्याला कशाला सांगा. कमलाकांतच्या बायकोलाही ठाऊक नाही, तशी शपथच घातली आहे मी त्याला.

उद्यापासून तारापूरच्या एका कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स. कायमची रात्रपाळी, आणि ती मी मागून घेतली. दिवसा शेजारपाजार कामावर असतो, म्हणजे माझा आवाज ऐकायला कुणी नाही. पालघरला नर्सेसच्या खोलीत पोरी मला गिरणी म्हणायच्या. मी त्यांच्याबरोबर हसायचे आणि मग मोरीत जाऊन रडायचे. इथे मला कुणी ओळखत नाही, किती बरं वाटतंय म्हणून सांगू. संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं आणि चाटूनपुसून खाल्लं.

बुधवार, १७ डिसेंबर

यंत्र लावून सलग पाच तास झोपले, सकाळी अकरा ते चार. असं कधी झोपल्याचं आठवत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी मे महिन्यात सांगितलं होतं की झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास थांबतो, तासाला चाळीसेक वेळा. दर वेळी जीव दचकून उठतो, म्हणून कितीही झोपलं तरी दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. तीस वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

यंत्र तसं साधं आहे. आत छोटा पंखा, तो हवा ढकलतो, ती नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये येते आणि घसा उघडा धरते. नुसत्या कोरड्या हवेने नाक फुटतं, म्हणून मध्ये पाण्याचं भांडं आणि त्याखाली तापणारी चकती. पाणी डिस्टिल्डच हवं, नळाचं घातलं की पांढरा थर धरतो. रोजचं पाणी रोज ओतायचं, भांडं साबणाने धुवायचं. हे मला कुणी शिकवायला नको. ऑक्सिजनच्या पाण्याच्या बाटल्या धुण्यात जन्म गेला माझा.

शनिवार, २० डिसेंबर

नळीत पाणी साचतंय. झोपेत गुडगुड ऐकू आली, नाकात थेंब आला आणि उठून बसले. कारण समजायला डॉक्टर लागत नाही. माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी छताचा पंखा पाचावर ठेवते. भांड्यातून गरम ओली हवा निघते, नळी पंख्याखाली गार पडते आणि आतल्या आत पाणी सुटतं, कढीवरच्या झाकणाला सुटतं तसं.

पंखा बंद केला. यंत्र टेबलावरून उतरवून पाटावर ठेवलं, म्हणजे पाणी नाकाकडे न येता भांड्यात परत जाईल. जुन्या लुगड्याची खोळ शिवून नळीला घातली. भांड्याखालच्या चकतीचा आकडा चारावरून दोनावर आणला. बघू आता कशी गुडगुडते.

बुधवार, २४ डिसेंबर

दुपारी दारात प्रेमला उभी. शिरगावच्या सुगंधाची मुलगी, आता पाम गावी दिलेली. तिचा नवरा माझ्याच कारखान्यात हेल्पर आहे, त्याने मला प्रथमोपचाराच्या खोलीत पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. हातात सुक्या सोड्यांची पिशवी. मी सावध व्हायच्या आत वाकून पाया पडली.

विचारलंसुद्धा नाही, पदर खोचला आणि भांडी घासायला बसली. म्हणाली, बाय, तुमी तवा माझी लाज राखली, मी मरेपर्यंत इसरायची नाय. रोज येऊन तुमचं करून जाईन. मी नको म्हणत राहिले, ती ऐकायची नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. का, ते आज लिहीत नाही.

रविवार, २८ डिसेंबर

गुडगुड रोज, आणि रोज तीनलाच. दुपारी तीन. पंखा बंद, खिडकी बंद, नळीला खोळ. मोरीत नेऊन नळी उलटी केली तर वाटीभर पाणी पडलं. भांड्यातलं पाणी मात्र बोटभरही कमी झालेलं नाही. मग हे आलं कुठून? नेहमीसारखं आजही स्वतःलाच रागावले, झोपेत काहीतरी वेंधळेपणा करत असशील म्हणून.

शुक्रवार, २ जानेवारी १९९८

परवा पाळीवर फिटर वामन बोट भाजून आला होता. पट्टी करता करता त्याला नळीचं विचारलं, अर्थात एका पेशंटची म्हणून. तो म्हणाला, त्यात काय सिस्टर, ज्या पाइपातला माल गार पडून चालत नाही त्याला आमी तापणारी तार गुंडाळतो. आज सुट्टी होती म्हणून घरी येऊन त्याने नळीला बारीक तार गुंडाळली, वरून काचेच्या कापडाची पट्टी, आणि हाताला कोमट लागेल एवढाच रेग्युलेटर. पेशंट कोण ते त्याला कळलंच असणार, घरात पलंग एकच आहे. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्याला चहा विचारायचाही राहिला.

काही का असेना, आता नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत आतल्या हवेइतकीच ऊबदार राहील. आता पाणी सुटूच शकत नाही.

रविवार, ४ जानेवारी

सुटलं. तीनला. कोमट नळीत वाटीभर. बोट बुडवून चाखलं तर खारट.

आता लिहिलंच पाहिजे, निदान इथे तरी. तीन वर्षांपूर्वी पालघरच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये सुगंधा ऑक्सिजनवर होती. दमेकरी, पण सुधारत होती. माशांच्या बाजारातल्या गमती सांगून अख्खी खोली हसवायची. ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून जातो, नळी खाली लोंबली की त्या झोळात पाणी साचतं आणि वाट बंद होते. दर तासाला नळी उचलून पाणी काढायचं, बस, एवढंच काम. मी दुपारी दोनला काढलं. मग खुर्चीत बसले आणि मला झोप लागली. गुडगुड मला ऐकू येत होती. स्वप्नात भात शिजत होता.

चारला जाग आली तेव्हा ती गेलेली होती. प्रेमला पलंगाच्या कडेला डोकं टेकून झोपली होती, तिचा हात गादीवर. नळीपासून वीतभर लांब. मी आधी नळीतलं पाणी काढलं. मग तक्त्यात लिहिलं, ३.०० — पाहिले. सर्व ठीक. आणि मग त्या वीस वर्षांच्या पोरीला उठवून, बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगितलं की झोपेत तुझा हात नळीवर पडला असावा, पण घाबरू नको, मी कुणाला सांगणार नाही.

हीच मी राखलेली तिची लाज. त्या बदल्यात ती माझी खरकटी काढते.

गुरुवार, ८ जानेवारी

प्रेमलाला दीड वर्षांची मुलगी आहे, सुलू. मी सहज म्हटलं, आण की एकदा. तेव्हा तिने सांगितलं की सुलूला ती कधी कुशीत घेऊन निजत नाही. पोर सासूजवळ निजते आणि ही दुसऱ्या खोलीत, उजवा हात खाटेच्या माच्याला बांधून. म्हणाली, माझा हात चांगला नाय बाय, निजेत कुटं पडेल त्याचा नेम नाय.

आता सासू थकली. म्हणून सुलूला डहाणूच्या मावशीकडे कायमची द्यायची ठरली आहे. मावशीला मूल नाही. संक्रांतीला मावशी येईल, किंक्रांतीला लेकराला घराबाहेर काढायचं नाही, म्हणून शुक्रवारी, सोळाला नेईल. जाताना माझ्या पाया पडायला आणणार आहेत.

त्याच क्षणी सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हटलं, चहात साखर कमी झाली ग. मला माझी किळस येते.

रविवार, ११ जानेवारी

आज भांड्यात पाणी घातलंच नाही. कोरडं पुसलं, चकती बंद ठेवली. नाक फुटलं तर फुटलं. यंत्रात पाण्याचा थेंब नाही हे तीनदा हात लावून पाहिलं आणि झोपले.

तीनला नळी भरलेली. आणि आता नुसती गुडगुड नाही. नळीच्या त्या टोकाला कुणीतरी श्वास ओढतंय, पाण्यातून ओढतंय, आणि पुरत नाहीये त्याला. मी पडून ऐकत राहिले. त्या दिवशी झोपेत ऐकलं ते आज जागेपणी सगळं ऐकलं. बराच वेळ चालतं ते. एवढा वेळ लागला असेल असं मी कधी मनात आणलं नव्हतं.

सोमवार, १२ जानेवारी

मास्क न लावता झोपले. यंत्र खोक्यात भरून, खोकं पलंगाखाली.

तीनला जाग आली ती मास्क नाकावर असताना. पट्टीला कानाच्या वर छोटी गाठ. पेशंटची पट्टी सैल पडू नये म्हणून नर्सेसमध्ये मी एकटीच मारायचे ती. दाराला आतून कडी तशीच.

मंगळवार, १३ जानेवारी

या रोजनिशीत आजच्या पानावर आधीच एक ओळ आहे, पानाच्या मध्यावर. ३.०० — पाहिले. सर्व ठीक. अक्षर माझं, मी लिहिलेलं नाही. उद्याच्या पानावर तीच, परवाच्याही. शुक्रवारच्या पानावर अर्धीच आहे. पुढची पानं कोरी.

प्रेमला आली होती. म्हणाली, बाय, तुमचं तोंड सुकलं, जरा पडा, मी बसते उशाशी. तिला अक्षरशः हाकलून दिलं. रडत गेली.

बुधवार, १४ जानेवारी

प्रेमलाने तिळाचे लाडू पाठवले, नवऱ्याच्या हाती. कालचं मनात धरू नका असा निरोप. मी — तिने माझी माफी मागितली.

लाडू खाल्ला. खारट.

गुरुवार, १५ जानेवारी

झोपायचं नाही. झोपले की तीन वाजतात. कामावर कळवलं, बरं नाही. यंत्राची वायर काढली, तार काढली. नळी अजून कोमट. मनगटाएवढी जाड, आणि कोमट — हात लावला तर आत काहीतरी ठोके —

यंत्र परत खोक्यात बंद केलं. उद्या चारला येतील. उद्या सांगायचं. तुझा हात वीतभर लांब होता, एवढंच वाक्य. आरशासमोर म्हणून पाहिलं. मधेच हसू आलं, ते नर्सिंग होममध्ये पोरींबरोबर हसायचे तसलं.

शुक्रवार, १६ जानेवारी

दुपारचे अडीच. दोन दिवस झोप नाही. डोळे मिटतायत. मिटले तर माझ्या तोंडून काही निघायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. पान उघडं ठेवीन, दाराची कडी काढून ठेवली आहे. प्रेमला सातवी शिकली आहे, तिला वाचता येतं. ती अर्धी ओळ मध्यावर आहे, तिच्या वर जेवढी जागा तेवढ्यात बसवलं पाहिजे.

प्रेमला, आधी हे समजून घे की मी वाईट बाई नाही. तेव्हा मला हा आजार आहे हे ठाऊक नव्हतं. सलग दुसरी पाळी होती. डॉक्टर कडक होते, नोकरी गेली असती, आणि माझ्यामागे कुणी — हे काय लिहीत बसले. हे खोडायला हवं. जागा चालली.

गुडगुड. खोक्यातून.

प्रेमला, सुलूला देऊ नको. तिला कुशीत घे. कारण सांगते. तुझी आई गेली त्या दुपारी खोलीत आपण दोघी होतो. तू थकून झोपली होतीस. तुझं वय ते काय. आणि मी, जिचं काम जागं राहायचं, ती मी खुर्चीत ३.०० — पाहिले. सर्व ठी