जान्हवीचं उदाहरण

कोलकाता
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. शकुनताईस,
प्रमोदचा नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं ठसठशीत अक्षर पाहून आमच्या वॉचमनने विचारलं, "साहब, किसी की शादी है क्या?" टपालाने आजकाल दुसरं येतंय काय! भाऊजींच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, निदान जमिनीवर बसून पेपर वाचायची हौस आता पुरे करा. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, हे उत्तम. पुढचं लिहायचं टाळायला आता तेवढी निमित्तं उरलेली नाहीत, पण बघू.

इकडे सगळे बरे आहोत. थंडी अजून आलेली नाही, तरी लोकांनी कानटोप्या काढल्या आहेत. मी सकाळी न्यू अलीपूरहून गाडी पकडून बँकेच्या बजबज शाखेत जातो. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी दहाच्या आधीच रांग धरून बसतात. परवा एक म्हातारबाबा मला म्हणाले, मागच्या वर्षी इथेच बसून सांगितलं होतं जिवंत आहे म्हणून, परत कशाला? मी म्हटलं, नियम आहे. ते हसले, मीही हसलो. आज त्यांची आठवण येते आहे, का ते पुढे कळेल.

वैदेही मजेत आहे. नलेन गूळ, इथला खजुराचा, बाजारात आला की तुझ्यासाठी घेऊन ठेवणार आहे.

आता तू मागितलेल्या पत्राविषयी. डिसेंबरच्या पालक मेळाव्यात वाचून दाखवायला एक पान, माझ्या हस्ताक्षरात, जान्हवीचा अनुभव. "बाप बँकेत मॅनेजर आहे, शिकलेला आहे, त्याने स्वतः लिहिलं की लोकांना पटतं," असं तू म्हणतेस. मी चार वेळा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य चांगलं होतं आणि दुसरं येईना. मग गुरुवारी तुझा फोन आला आणि बोलता बोलता तू म्हणालीस, तुमच्या कराडच्या त्या सारंगच्या आईने तुझं भाषण ऐकलं आणि मुलाच्या गोळ्या बेसिनमध्ये ओतून दिल्या. किती खूश होतीस! मी नुसता 'हं' म्हणालो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

जान्हवी हाका मारते आहे, तिची सायकल पंक्चर झाली आहे. उरलेलं नंतर लिहितो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पंक्चर रविवारीच काढलं. पत्राला हात लावायला दोन दिवस लागले.

ताई, मी तुला खोटं सांगितलं आहे. एकदा नाही, सव्वा वर्षभर. आता क्रमाने सांगतो, मध्ये रागावून पत्र बाजूला ठेवू नकोस.

नाशिकला जान्हवी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी तपासण्या करून एडीएचडी असल्याचं सांगितलं, गोळी सुरू केली, हे तुला माहीत आहे. तू तेव्हा म्हणालीस, "आईबापांच्या आळसाला दिलेलं इंग्रजी नाव आहे ते. माझ्या शाळेत अशी पन्नास पोरं सरळ केली मी." मला ते बोचलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. कारण तुझं खरं असेल, तर माझ्या पोरीला काहीच झालेलं नव्हतं.

मग कोलकात्याची बदली आली. तू फोनवर म्हणालीस, "नवं गाव, नवी शाळा. कोणाला काही सांगू नका. पाटी कोरी करा." सामान बांधताना मी तिची फाईल देवाच्या पितळी भांड्यांच्या ट्रंकेत तळाशी घातली. गोळी बंद केली. नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं नाही. वैदेहीला मात्र सांगितलं की डॉक्टरांनीच बंद करून बघायला सांगितलंय. तुला हे आज पहिल्यांदा कळतं आहे. वैदेहीला कळलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हा एवढंच म्हणाली की डबा भरून ठेवलाय.

पहिले तीन महिने खरंच छान गेले. सगळंच नवीन होतं ना तिला. हावड्याची फेरीबोट, ट्राम, शेजारच्या बौदींकडची (इथे वहिनीला बौदी म्हणतात) मांजर. शाळेतही नवी म्हणून कोणी बोललं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी तुला मोठ्या आनंदाने फोन केला, "ताई, गोळी बंद, पोर ठणठणीत!" तेवढं वाक्य त्या दिवशी खरं होतं गं.

सप्टेंबरपासून वह्या कोऱ्या यायला लागल्या. बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून एकटीला बसवलं. आम्ही फाईलबद्दल काही बोललोच नव्हतो, त्या तरी काय करणार? पोटदुखी सुरू झाली. मी तिच्यावर ओरडायला लागलो. तुझ्यासारखं शिस्तीत ओरडता मला येत नाही, मी नुसता बेभान होतो. एकदा हातही उचलला. तू फोनवर विचारायचीस, जानू कशी आहे? मी म्हणायचो, एकदम मस्त. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू एकोणीसची. तू कॉलेज सोडून मला वाढवलंस. तुला 'तू चुकलीस' म्हणायची सवयच मला कधी लागली नाही.

दिवाळीनंतर तुझ्या मेळाव्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला. तू सुंदर बोलतेस, हे मी आजही म्हणेन. त्यात तू सांगितलंस की पूर्वी मास्तर चुळबुळ्या पोराचा पाय बाकाला बांधून ठेवायचे आणि आठवड्यात पोरगं ओळीत यायचं. लोक खूप हसले. मग म्हणालीस, "माझ्या सख्ख्या भाचीचं उदाहरण घ्या. जान्हवी. डॉक्टरांनी आजार चिकटवला होता. भावाने गोळी फेकली, आज पोर ठणठणीत आहे." टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ जान्हवीने माझ्या फोनवर पाहिला. किती वेळा, ते मला माहीत नाही.

जानेवारीत तिच्या हनुवटीला लागलं होतं, आठवतं? मी तुला सांगितलं की जिन्यावरून घसरली. ती जिन्यावरून घसरली नाही, ताई.

रविवार होता. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. ती आतल्या खोलीत टेबलाशी गणितं करत होती आणि अर्धा तास हालली नव्हती. मी वैदेहीला म्हणालोसुद्धा, बघ, बसते की नाही, ताई म्हणते तेच खरं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बेल वाजली की ती धावतेच. ती उठली आणि टेबल घेऊनच पडली. तिने शाळेच्या टायने स्वतःचा पाय टेबलाच्या पायाला बांधला होता. तीन गाठी मारल्या होत्या. हनुवटीच्या रक्ताने माझे हात इतके बरबटले होते की त्या गाठी मला सुटेनात, वैदेहीने सुरी आणली.

टॅक्सीत ती माझ्या मांडीवर होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाबा, आत्या म्हणाली ना की मला काहीच झालेलं नाही? मग मी मुद्दामच करते ना सगळं?" मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "मग मी वाईट आहे का?" नऊ वर्षांची होती. तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. फेब्रुवारीपासून इथल्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. गोळी कोणी थांबवायला सांगितली होती, असं त्यांनी विचारलं, तेव्हा वैदेही माझ्याकडे पाहत होती.

म्हणजे तू भाषणात जिला ठणठणीत म्हणतेस, ती गेले दहा महिने रोज सकाळी नाश्त्याबरोबर गोळी घेते. गोळीने सगळं सुतासारखं सरळ झालं, असंही मी म्हणत नाही. स्वेटर अजून शाळेत विसरते, दुपारी नीट जेवत नाही, संध्याकाळी चिडचिड करते. डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून आहेत. पण आता सुरू केलेलं पान ती पुरं करते. गेल्या महिन्यात मला अख्खी गोष्ट वाचून दाखवली, मध्ये न उठता, आणि शेवटी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आता म्हातारबाबांचं. आजारापेक्षा मला पटवून देण्याचाच शीण येतो, ताई. नाशिकच्या शाळेत पटवलं, इथल्या शाळेत पटवलं. बौदी म्हणतात, "बाच्चा मेये, ठीक होये जाबे," म्हणजे लहान पोर आहे, होईल ठीक, आणि होमिओपॅथीवाल्याचा नंबर देतात. महाराष्ट्र मंडळात एक काका म्हणाले, मोबाईल काढून घ्या. ऑफिसातले सुमितबाबू म्हणाले, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. सगळे चांगल्या मनाने बोलतात. मी रोज उठून सांगत बसतो की हो, आहे, समोर बसलेल्या माणसाने आपण हयात आहोत हे सांगावं तसं. पुढच्या बदलीच्या गावी परत रांगेत उभं राहायचं. त्यात सगळ्यांत अवघड खिडकी तुझी होती, म्हणून तिथे मी उभाच राहिलो नाही. आणि 'असं काही नसतंच' म्हणणाऱ्यांच्या हातात पुरावा म्हणून स्वतःची पोर देऊन बसलो.

तुझ्यावर राग आहे का? आहे. लोक हसले त्या जागेचा फार आहे. पण व्हिडिओतली ती खोटी गोष्ट मी पुरवली होती, तू नाही. तुला ती खरीच वाटत होती. दोष वाटून घ्यायचा म्हटलं तर मोठा वाटा माझ्याकडे येतो.

एक काम मात्र तुलाच करावं लागेल. सारंगच्या आईकडे आजच जा. फोन करू नकोस, जा. तिला सांग की शकुनबाईंची भाची बरी झालेली नाही, तिच्या बापाने थाप मारली होती. सारंगला गोळी हवी की नको, ते तू ठरवू नकोस, मीही नाही. त्याच्या डॉक्टरांकडे त्याला परत घेऊन जा म्हणावं. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. ती कराडात गेली काय अन् कोलकात्यात काय.

मेळाव्यात माझं पत्र वाचायचं असेल तर हेच वाच. पूर्ण वाच. एक पान मागितलं होतंस, ही जास्त झाली.

लिहिण्याआधी मी जान्हवीला विचारलं होतं, आत्याला सगळं खरं कळवू का, तुझं नाव घेऊन? ती सायकलची चेन बसवत होती, हात काळे झाले होते. आधी चेन दातांवर चढवली. मग म्हणाली, "लिही. आणि आत्याला सांग, मी पाय बांधून बघितला. तरी होत नाही."

तिचा निरोप पोचवला.

तू वाढवलेला,
प्रमोद