सव्वा किलो

१२ जुलै २०२५, शनिवार

आज चंद्रप्रकाश काका आले. सुयोगचे बाबा. चारकोपहून नाहूरला, बस बदलत, न कळवता. दार उघडलं आणि क्षणभर वाटलं — कळलं यांना.

नव्हतं कळलं. चपला कडेला नीट लावल्या, चहा घेतला, मग म्हणाले, ‘अनय, मला तिकडे जायचंय. तो गेला तिथे. चालत. तुम्ही नेता तशी हलकी बॅग भरून दे मला.’

हिमाचलातली बारा दिवसांची वाट. गेल्या सप्टेंबरात सुयोग आणि मी निघालो, सातव्या दिवसापर्यंत पोचलो. काका बासष्टचे, एक गुडघा दुखरा. तिथला वाटाड्या ठरवलाय, पण हमाल नको, खेचर नको. ‘त्याने आपलं ओझं आपणच नेलं ना? मग मीपण नेणार.’ शुभाकाकू महिनाभर भांडतायत, पण ऐकतंय कोण.

मला सोबत चल म्हणाले नाहीत. बरं झालं. पुन्हा डोंगर नाही, असा बायकोला, गंधालीला, शब्द दिलाय. खरं तर तिने मागायचीही गरज नव्हती.

हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

१३ जुलै

गंधालीने भाजी चिरता चिरता विचारलं, ‘सांगणारेस का त्यांना?’

तिने परत विचारलं नाही.

१९ जुलै, शनिवार

काका सामान घेऊन आले. पलंगावर सगळं मांडलं. स्टीलचा डबा, टर्किश टॉवेल, दोन जीन्स, सोलापुरी चादर, मोठा टॉर्च. शुभाकाकूंनी दिलेला लाडवांचा डबा, तो वेगळा. मी किचनमधला वजनकाटा आणला.

काका पटकन शिकले. टॉवेल गेला, पंचा आला — तो त्यांनीच सुचवला. नव्वद ग्रॅम. स्टीलची बाटली गेली, साधी बिसलेरीची रिकामी बाटली आली. त्यांची सॅक रिकामीच अडीच किलोची, म्हणून माझी दिली, नऊशेची. ‘आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला, गोदामात,’ म्हणाले, ‘स्वतःचा कधी तोलला नव्हता.’ हसले. सुयोग गेल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

टूथब्रशचा दांडा कापायला सुरी घेतली आणि थांबलो. सुयोगचा मी ह्याच टेबलावर कापला होता. तो म्हणत होता, ‘येडा आहेस तू यार, चार ग्रॅमसाठी.’

काकांनी सुरी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच कापला.

२० जुलै

एक हलकं करतो आणि दोन गरम घालतो. जाड थर्मल, दुसरा स्वेटर, हातमोज्यांचे दोन जोड, वर आणखी एक जॅकेट. काकांची बॅग साडेअकरा किलो झाली. सुयोगची मी साडेआठवर आणली होती. केवढा गर्व होता मला त्या आकड्याचा. ट्रेकच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, काट्यासकट.

२७ जुलै, रविवार

घाटकोपरला गेलो, स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यायला. उणे पंधराला चालणारी, एक किलो आठशे. दुकानदार म्हणाला, ‘सप्टेंबरला एवढी कशाला? हलकी देतो ना.’ मी नाही म्हटलं, जरा जोरातच. माझी स्वतःची पिसांची माळ्यावर आहे, हलकी आणि गरम. पण ती काकांना देववत नाही.

काकांना ती घालून बघायची होती. दुकानाच्या लादीवरच आडवे झाले. चेन हनुवटीपर्यंत ओढली, डोळे मिटले. पडून राहिले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

३ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

पूर्ण बॅग पाठीवर घेऊन चालायचा सराव करायचा होता. काका म्हणाले, मनोरी करू. मार्व्याहून फेरीने पलीकडे गेलो. मधूनमधून बारीक पाऊस. पहिले तीन किलोमीटर ठीक. मग ते थांबायला लागले — आधी दहा मिनिटांनी, मग पाच. गावाबाहेर एका बंद कॉटेजच्या पायरीवर बसले ते उठेनात. ओठ पांढरे. बॅग मी काढली. पट्ट्यांनी खांदे सोलले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, ‘दोन किलो तरी कमी करायला हवेत रे. ती स्लीपिंग बॅगच केवढी जड. सुयोगने नेलेली होती तसलीच दे मला.’

‘ती नको, काका.’

‘का? त्याला चालली, मला चालेल.’

‘त्याला चालली नाही.’

मी काहीतरी वेगळं बोलू शकलो असतो. गेलं वर्षभर तेच करत होतो. पण काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, ‘काय आसा तां सरळ सांग.’

मग सांगितलं. सुयोगची स्वतःची जाड स्लीपिंग बॅग होती, एक किलो नऊशेची. निघायच्या आदल्या दिवशी मी ती त्याच्या सॅकमधून काढली. माझी जुनी, पातळ, साडेसहाशेची दिली. सव्वा किलो वाचलं. तो म्हणाला होता, ‘थंडी वाजली तर?’ मी म्हटलं होतं, ‘कपडे घालून झोप ना, काय होतंय.’ मी स्वतः नवी पिसांची घेतली होती. ती गरम होती.

सातव्या दिवशी ओढा ओलांडताना तो पडला, कमरेपर्यंत भिजला. संध्याकाळपासून बर्फ. एकाच तंबूत होतो आम्ही. तो थरथरत होता. म्हणाला, ‘अन्या, लय थंडी आहे रे.’ मी माझं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं. माझी स्लीपिंग बॅग दिली नाही. सुचलं नाही असं मी स्वतःला सांगतो. सुचलं होतं. मग त्याची थरथर थांबली. मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं. मीही झोपलो.

सगळ्यांना सांगितलं ते एवढंच — अचानक बर्फ पडला.

एक बाई मासळीची टोपली घेऊन गेली, आमच्याकडे बघून ‘बरं नाय काय?’ विचारलं. काकांनी मान हलवली. मग उठले. मी बॅग उचलायला गेलो, तर माझा हात बाजूला केला. स्वतः पाठीवर घेतली. जेट्टीपर्यंत एकदाही थांबले नाहीत.

फेरीत एवढंच विचारलं, ‘आणि कोणाला माहीत आहे?’

‘गंधालीला.’

‘शुभाला सांगू नको. मी बघतो.’

५ ऑगस्ट

फोन नाही. ऑफिसमध्ये एकच ड्रॉइंग तीनदा चुकलो.

९ ऑगस्ट

काकांचा मेसेज. ‘त्याची जाड बॅग कुठे आहे?’

माझ्याकडेच. वर्षभर माळ्यावर.

१० ऑगस्ट, रविवार

चारकोपला गेलो. यंदा त्यांच्याकडे सण नाहीत. गणपतीला गावीही जाणार नाहीत. आतून कुकरची शिटी, शुभाकाकूंचा आवाज — ‘कोण आलंय?’ काका म्हणाले, ‘कोणी नाही.’

उंबऱ्यातच स्लीपिंग बॅग घेतली. दोन्ही हातांत धरून तोलली, गोदामात तोलत असतील तशी.

‘ही? एवढीच?’

मी मान हलवली. त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.



१५ ऑगस्ट

गंधाली म्हणते, सांगितलंस ते बरं केलंस. सांगितल्यावर मन मोकळं होतं म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही. आधी ते फक्त माझ्याकडे होतं. आता त्यांच्या घरातही आहे, आणि काका तिथे एकटेच ते सांभाळून बसलेत, काकू शेजारी असताना.

माझी पिसांची बॅग, दोरी, स्टोव्ह, सगळं कोणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं. काकांचा बेत रद्दच झाला असणार.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पावणेआठला काकांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

‘नऊ सप्टेंबर. दोन तिकिटं काढलीयत. तुझी बॅग मी भरणार.’

मी हो म्हटलं.