सायकली नव्हेत, सायकस

मी, वच्छला हिंदुराव घाडगे, वय ६७, निवृत्त शिक्षिका, राहणार रेल्वे लाइन्स, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते व राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सूनबाईंनी तो दोनदा वाचावा. एकदा वाचून त्यांना काही कळत नाही.

१. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. मी 'माझी सात सायकस' असे सांगितले असता कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने 'माझ्या सात सायकली' असे उमटवले, आणि मी न वाचता सही केली. ही चूक माझी. पुढची माझा एकुलता एक मुलगा आबासाहेब याची. मी जिवंत असताना त्याने माझे कपाट उघडून तो कागद वाचला आणि परसात, त्याच सात झाडांच्या मधोमध उभा राहून विचारले, "आई, सायकली कुठं ठेवल्यास?" लहानपणापासून ज्या झाडांना वळसा घालून तो न्हाणीकडे जातो, त्यांचे नाव त्याला ठाऊक नाही.

२. सायकस म्हणजे खजूर नव्हे आणि मांडवाची झालरही नव्हे. वर्षाकाठी नव्या पानांचा एक फेर येतो. तो उलगडून कडक होईपर्यंत त्याला बोटही लावायचे नसते. आबासाहेबाने दोन वर्षांपूर्वी कुणा पुढाऱ्याच्या कमानीसाठी नेमका तोच फेर कापून नेला. पाने दुपारी सुकली, पुढारी संध्याकाळी आला. नंतर सूनबाईंनी भरपाई म्हणून रोज दोन्ही वेळा बादलीभर पाणी ओतून एका झाडाचा मधला पोगा कुजवला. तेव्हा आठाची सात झाली.

३. यजमानांना गुलाबांचे वेड होते. माझ्या झाडांना ते "ना फूल, ना वास" म्हणत. त्यांच्या कात्र्या आणि प्रदर्शनातले कप आबासाहेबाला द्यावेत. दोन्ही गंजले आहेत.

४. निंगव्वा मडिवाळप्पा ही अक्कलकोटकडची बाई बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून माझ्याकडे कामाला आली. पहिल्या दिवशी मी तिला झाडांना तांदूळ धुतलेले पाणी घालायला सांगितले. तिने मातीत बोट खुपसले. म्हणाली, "ह्याचं पोट भरलंय की, बाई. कशाला पाजताय?" मी तिला अडाणी म्हटले, मग माती उकरून पाहिली. वीतभर खाली ओल होती.

गेल्या महिन्यात मी तिला सांगितले की माझ्यामागे ही झाडे तुझी. ती म्हणाली, "मला नको, बाई. माजी खोली भाड्याची. कुटं लावू? आन् थोरलं झाड काडून नेलं तर जगत न्हाय." खरे बोलली. थोरल्याला अडतीस वर्षे झाली. त्याला हलवता येणार नाही.

म्हणून माझ्या पगारातून बांधलेले पुढचे घर आबासाहेबाला, आणि मागची दोन गुंठे जागा, तिथला नळ, न्हाणी व अवजारांची खोली निंगव्वाला. न्हाणीकडे जायचे असल्यास आबासाहेबाने तिला विचारून जावे.

५. झाडे राखली तरच जागा राहील अशी अट घालावी, असे वकिलांनी सुचवले. मी ती लिहिली आणि खोडली. निंगव्वाने झाडे वाढवावीत, विकावीत, नाहीतर उपटून तिथे मेथी लावावी. जागा तिचीच. ती जागा मी झाडांसाठी देत नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे आणि हे तिला तोंडाने सांगणे मला कधी जमले नाही.

६. निंगव्वाला वाचता येत नाही. हा कागद आबासाहेबाने तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावा, एकही शब्द न गाळता. वकिलांनी पुढच्या घराच्या किल्ल्या त्यानंतरच त्याच्या हाती द्याव्यात.

स्थळ : सोलापूर
दिनांक : १६ नोव्हेंबर १९७६

सही : वच्छला हिंदुराव घाडगे

आमच्यासमक्ष सही केली :
१. धोंडीराम ज्ञानबा शिंदे, शेजारी
२. सिद्धाराम मायाप्पा कोरे, वकील