दोर कसा धरायचा

३ मे
उद्यापासून वेकबोर्डिंगचं शिबिर, म्हणजे बोटीमागच्या दोराचं हँडल धरून पाण्यावर बोर्डवर उभं राहायचं. आज बोट पाण्यात उतरवली. रज्जूभाऊ आठ वर्षं ही बोट चालवताहेत, तरी दर उन्हाळ्यात पहिल्या दिवशी इंजिनला नमस्कार करतात. मी हसलो की म्हणतात, "हसा, पण बंद पडली त मले हाका मारू नका."
धरणाचं पाणी मागच्या वर्षीपेक्षा बरंच मागे गेलंय. बुडलेल्या बाभळींचे खुंट वर आलेत. हद्दीचे लाल तरंगे आत सरकवले, त्यांच्या बाहेर बोट न्यायची नाही. एक दोर उसवलेला निघाला, टाकून दिला. लाइफ जॅकेटांचे पट्टे एकेक ओढून पाहिले. घरी आल्यावर वैशाली म्हणाली, "घरच्या गॅसची नळी चार वर्षं बदलली नाही, आणि तिथला दोर दर वर्षी."
बरोबर आहे. नळी आणायची.

४ मे
पहिली बॅच, चौदा मुलं. सहा ते नऊ. नंतर ऊन माणसाला उभं राहू देत नाही.
पहिले दोन दिवस कोरडे. गवतावर बसवायचं, पायात बोर्ड, हातात हँडल. दोराचं दुसरं टोक माझ्याकडे, बोट ओढेल तसा मी ओढतो. नियम घोकून घेतले: फक्त हँडल धरा, पडलात की ते सोडा. सोडलं की हात वर करा, म्हणजे ठीक आहात हे आम्हाला कळतं. बोट घ्यायला येईल, इंजिन बंद झाल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही.
नियम झाले पाठ. पण दोर ताणलेला ठेवायचा म्हणजे काय, ते शिरत नाही. ढिला तरी सोडतात, नाहीतर हँडल छातीशी ओढून तोंडावर आपटतात. घसा बसला. उगाच दोघांवर ओरडलो.

५ मे
पंधरा वर्षांत सुचलं नाही ते आज सुचलं.
विचारलं, संक्रांतीला गच्चीवर काय करता? सगळे एकदम, "पतंग!" मग म्हटलं, वर पतंग, इथे बोट. ढील दिली की गेला, खेचला की तुटला. हातात ताण कळला पाहिजे. चौदाच्या चौदा जण सरळ बसले, हात लांब, गुडघे वाकवून. हँडलजवळचा दोर हातात घेऊन गच्चीवरचं सगळं नाटक करून दाखवलं, शेजाऱ्याचा पतंग काटल्यावर नाचतात ते सुद्धा. मुलं लोळली हसून. रज्जूभाऊ धक्क्यावरून बघत होते.
खूश आहे स्वतःवर. हे कोणत्याच पुस्तकात नाही.

९ मे
दहा मुलं पाण्यात उभी राहिली. एवढ्या लवकर कधीच नाही. पतंगाची कृपा.
समीक्षा गजभिये मात्र अजून नाही. तेरा वर्षांची, कोराडीहून येते. वडील तिथे वीज केंद्रात कोळशावर कंत्राटी. रात्रपाळी करून तसेच तिला मोटरसायकलवर आणून सोडतात, आणि बॅच सुटेपर्यंत झाडाखाली झोपतात. पोरगी बोलत नाही, पण एक सूचना दोनदा सांगावी लागत नाही. बोट ओढायला लागली की हँडल हातातून निसटतं. आज चार वेळा. बाकीचे हसले. ती रडली नाही, हात पुसून परत पाण्यात.
म्हटलं, "पकड घट्ट ठेव. सोमवारी तू उभी राहतेस."

११ मे
उभी राहिली.
मी बोटीत मागे तोंड करून बसलो होतो, बसायचं असतं तसाच. नजर तिच्यावरच होती. सुरुवातीला हात पाण्याखाली होते, पाणी गढूळ, दिसले नाहीत. दोर ताणला, ती वर आली, हसली. मी टाळ्या वाजवल्या. बोटीच्या लाटेवर बोर्ड अडलं आणि ती पडली.
हँडल सुटलं नाही. दोर तसाच ताठ, आणि ती दोरामागे पाण्यातून. मी ओरडलो. रज्जूभाऊंनी त्याआधीच इंजिन बंद केलं होतं. तीन सेकंद? पाच?
जॅकेटमुळे तोंड वर होतं. उजव्या हाताला दोराचा वेढा. तो सोडवताना ती मला सॉरी म्हणत होती.

१२ मे
धंतोलीतला दवाखाना. समीक्षाचं ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हाडं, आणि करंगळीची शीर. डॉक्टर म्हणाले, वाकतील किती ते आत्ता नाही सांगता येत.
गजभिये जिन्यात भेटले. अंगावर ड्यूटीचेच कपडे. "जयभीम सर. माफ करा, पोरीनं तुमचं आयकलं नाही. मी तिले घरून सांगून धाडलं होतं, सर म्हणतीन तसंच करजो म्हून."
मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला खरा.
संध्याकाळी मोहोड मॅडम, म्हणजे शिबिराच्या संचालक, अहवाल घेऊन आल्या. "शिबिरार्थीने सूचनेविरुद्ध दोर हाताला गुंडाळला." सही केली. खोटं कुठे होतं? फक्त हँडल धरा, असं मी पहिल्या दिवशी म्हटलंच होतं.

१५ मे
दवाखान्यात गेलो. आई खाली औषधं आणायला गेलेली. समीक्षा उशाला टेकून बसली होती. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. दोर का गुंडाळला?
"हँडल सुटून जात होतं न, सर. पतंग लय खेचून राहिली त आपण हाताले एक लपेटा नाही का घेत? तुम्ही गवतावर दाखवला होता तसा."
आणि डाव्या हातानं पांघरुणाची कड धरून दाखवलं. तळहातावरून एक वेढा, अंगठ्याखालून परत, मूठ बंद.
तो माझा वेढा आहे. आठ-दहा वर्षांचा असल्यापासून मी पतंगाची सद्दी अशीच धरतो, न बघता. त्या दिवशी नाटक करताना दोर हातात होता. तोंडानं ताण शिकवत होतो आणि हातानं हे.
"मी चुकली, सर," ती म्हणाली.
मी म्हटलं, आराम कर. एवढंच म्हटलं आणि निघून आलो. 

१६ मे
रज्जूभाऊंना सांगितलं. ते इंजिनचं झाकण पुसत राहिले.
"मी पाह्यलं होतं, सर."
काय?
"तुम्ही दोर लपेटला तो. धक्क्यावरून दिसला मले. म्हटलं, सर आहेत, त्याइले समजते. पोरंही समजतीन." मग म्हणाले, "तवाच बोलाले पाह्यजे होतं मी. आठ वर्षांत तुमाले कधी टोकलं नाही न."
कसे टोकतील? टोकलं की मी चिडतो, हे सगळ्या धरणाला माहीत आहे.

१९ मे
मोहोड मॅडमना सांगितलं. त्यांनी पंखा वाढवला, पाणी दिलं. अहवाल वर गेलाय म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम केलं का? नाही ना. मग? हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी शिबिरच नाही. कोराडीच्या ज्या दहा मुलांना आपण फुकट घेतो, ती कुठे जातील?"
बाई वाईट नाहीत. मुद्दाही खोटा नाही. मी मान हलवून उठलो. मान का हलवली, कोण जाणे.

२० मे
दुसरी बॅच. पतंगाचं नाव काढलं नाही. कोरडा सराव, जुन्या पद्धतीनं. कुणाला काही कळेना.
मग दुसऱ्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "सर, पतंगासारखं न? मले ताईनं शिकवलं घरी." तिची ताई पहिल्या बॅचला होती. मुलीनं दोर उचलला आणि तळहाताला वेढा घातला.
सगळ्यांना उठवून गोल बसवलं. सांगितलं, हे मीच शिकवलं आणि ते चुकीचं आहे. याच्यामुळे एका मुलीचा हात गेला असता. आजपासून बोट हलायच्या आधी प्रत्येकानं दोन्ही पंजे उघडून मला दाखवायचे. दाखवले नाहीत तर बोट हलणार नाही. पहिल्या बॅचच्या तेरा घरी फोन केले. एका आईनं विचारलं, म्हणजे त्या मुलीची चूक नव्हती का? नव्हती, म्हटलं.
तेरा घरी सांगता आलं. चौदाव्या घरी फोन लावून पहिली रिंग व्हायच्या आत कापला.

२८ मे
गजभियेंचाच फोन आला. टाके निघाले. एक बोट ठीक होईल, करंगळी पूर्ण मिटणार नाही. लिहिताना पेन धरता येतं, पण लवकर दुखतं. रोज व्यायाम.
"तिची माय लय बोलते तिले, सर. जेवाले बसली की सुरू. सरानं एवढं सांगतलं, आयकलं काहून नाही वं, म्हून. पोरगी गप राहते. पाण्याचं नाव काढलं का उठून जाते."
मी म्हटलं, तिला बोलू नका. "हो न सर, मीबी तेच म्हणतो. लहान आहे, होते चूक."
फोन ठेवल्यावर जेवलो नाही. नुसतं न जेवून काय होतं म्हणा.

६ जून
आज शिबिराचा शेवटचा दिवस. सगळी मुलं धड घरी गेली. बोट वर काढली, ताडपत्री बांधली.
वैशालीला इतके दिवस अर्धवटच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगितलं. रागावेल वाटलं होतं. पोळ्या लाटत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून जाऊ नका तिथे. तिच्या आईसमोर बोलणार असाल तर जा."
मी म्हटलं, बघतो. "तीन आठवडे झाले बघताय," म्हणाली.
बोलली ते झोंबलं, कारण खरं आहे.

१४ जून
कोराडी. वीज केंद्राच्या कॉलनीमागची वस्ती. दारात झाडलेलं, तरी पायरीवर राखेचा पातळ थर. गजभिये घरी होते. आईनं चहा ठेवला. समीक्षा कोपऱ्यात बसून रबराचा चेंडू दाबत होती, करंगळी बाजूला उभी.
बरोबर एक पान लिहून नेलं होतं. ते न वाचता तोंडानंच सांगितलं. त्यांच्या दोरीवरचा टॉवेल घेऊन वेढा कसा घातला तेही करून दाखवलं. म्हटलं, हिनं दोर माझा बघून गुंडाळला. अहवालावरची सही माझी आहे.
आई ओट्याजवळच उभी राहिली. चहा उतू गेला, कोणी उठलं नाही. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि समीक्षाकडे बघितलं.
गजभिये म्हणाले, "सर, मी तुमची माफी मांगतली होती जिन्यात."
हो.
"तवा माहीत होतं तुमाले?"
तेव्हा नव्हतं. खरंच नव्हतं. तेवढं म्हणू शकलो, आणि तेवढ्यात समीक्षानं चेंडू खाली ठेवला.
"पण मी दवाखान्यात लपेटा दाखवला, तवा त तुम्हाले समजलं होतं न? मंग तुम्ही मले आराम कर काहून म्हटलं?"
तिचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. घाबरलो होतो, असं म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आजवर माझ्याबद्दल जे होतं, ते गेलेलं मला दिसलं. वाईट वाटलं, आणि वाटायचा हक्क नाही हेही कळत होतं.
गजभिये म्हणाले, "सर, आता जा तुम्ही." शांतपणे. पान मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

१७ जून
मोहोड मॅडमचा फोन. मी कोराडीला गेल्याचं त्यांना कळलंय. मला सुधारित अहवाल द्यायचाय, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, द्यायचाच असेल तर लेखी द्या, आणि त्यानंतर बोटीवर यायचं की नाही ते मी ठरवीन. ठीक आहे म्हटलं. रज्जूभाऊ म्हणतात, साक्षीला मीबी सही करतो.
पंधरा उन्हाळे त्या पाण्यावर काढले. जीव तुटतो, खोटं कशाला लिहू.

२० जून
सकाळी गजभियेंचा फोन. जयभीम झालं, पण "सर" म्हणाले नाहीत. "तो कागद समीक्षानं वाचला. ती म्हणते यात एक गोष्ट लिहिलीच नाही. घ्या, तिच्याशीच बोला."
त्या पानाची माझ्याकडची प्रत काढून बघितली. प्रशिक्षकाने चुकीचे प्रात्यक्षिक केले, प्रशिक्षकाच्या लक्षात आले नाही, प्रशिक्षक जबाबदार. सगळं पान माझ्यावरच होतं.
ती म्हणाली, "मी तुमचं आयकलं होतं, हे लिहा. वरतीच लिहा. आणि साध्या मराठीत लिहा, आईले वाचता आलं पाह्यजे."
लिहितो म्हटलं. आणखी काही? "नाही," म्हणाली आणि फोन वडिलांना दिला. त्यांना विचारलं, तक्रार करणार आहात का? "पाहू. आधी तो कागद आणा."
आता नवीन पान घेतलंय. पहिली ओळ: समीक्षाने माझं ऐकलं होतं, म्हणून तिच्या हाताला इजा झाली. तीनदा खाडाखोड झाली. आता स्वच्छ उतरवलंय आणि खाली सही केली आहे. उद्या कोराडी, मग सोमवारी मॅडमचं ऑफिस. गजभिये घरात बोलावतील की दारातूनच कागद घेतील, माहीत नाही.