मागच्या तोफघरावरचं विमान

ता. ४ मार्च

चि. बारकूस,
अ. उ. आ. रीत आहे म्हणून लिहिले आहेत, लागले तर घे.

तुझ्या ‘ग्ल्वार’ जहाजाच्या प्रतिकृतीचे फोटो जहाजं बनवणाऱ्यांच्या मंडळाकडून आले. सभागृहातल्या काचेच्या कपाटात कायमचं ठेवण्याआधी प्रत्येक प्रतिकृती तपासून घ्यायची असं यंदा ठरलंय, आणि फ्रेंच युद्धनौका तपासणारी मी एकटीच उरले आहे. आपण अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाही हे मंडळाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. अहवाल वीस तारखेला द्यायचाय. मागाहून बोभाटा नको म्हणून आधी तुलाच लिहिते.

रंगकाम चांगलं आहे. ते काळेपांढरे पट्टे ओढायला तुला तीन वर्षं लागली म्हणतात. दात बनवणाऱ्याचा हात, स्थिर असणारच. पण मागच्या तोफघरावर विमान कशाला? हे जहाज पट्ट्यांनी रंगवलं चव्वेचाळीस साली. विमान आणि ते उडवायची चौकट त्याच्या आधीच्या दुरुस्तीतच काढून टाकली होती. पट्टे आणि विमान एकत्र कधीच नव्हते. हे तुला मीच शिकवलंय, तेव्हा तुझ्या ओठांवर मिसरूडही नव्हतं.

बरं, चूक करायची तर मापात तरी करायची. तुझं जहाज दोनशेपटीनं लहान, म्हणजे विमानाचे पंख आठ सेंटिमीटर भरायला हवेत. फोटोत मोजले तर जवळजवळ अकरा. हे विमान आहे की गिधाड? आणि पंखाखाली पाण्यावर तरंगायला जो डबा असतो, तो डावीकडचा फ्लोट वाकडा बसलाय. हात थरथरणाऱ्या माणसानं बसवल्यासारखा.

वीसच्या आत विमान काढ आणि नवा फोटो पाठव. नाही तर जहाज नापास. लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवायची घाई नाही.

ताई

---

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीस वर्षं गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांच्या रेघा खोडल्यास, निवृत्त झालीस तरी खोडरबर सुटत नाही. स्वतःचं एक जहाज पुरं करता आलं नाही आणि दुसऱ्यांना नापास करायला निघालीस. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. तुझं तर खरोखरच झाकून ठेवलेलं आहे. तुझा तो राखाडी सांगाडा अजून इथे कपाटावर वर्तमानपत्राखाली पडलाय. मी धूळ पुसलेली नाही.

चव्वेचाळीसचं मला माहीत आहे. मला शिकवू नकोस. विमान काढणार नाही. नापास करायचं तर कर, म्हणजे मंडळातल्या चार लोकांना कळेल की बाबांची मुलगी अकरा वर्षं कसला राग धरून बसली होती. त्या दिवशी मंडळाचे लोक घरी आले, बाबांनी त्यांना माझं जहाज दाखवलं आणि तुझं नाही दाखवलं, एवढ्याशा गोष्टीवरून तू हत्यारांची पेटी उचलून निघून गेलीस. राईचा पर्वत तोही इतका उंच, की बाबा आठ महिने अंथरुणाला खिळले होते ते तुला पलीकडून दिसलं नाही. आलीस ती सगळं संपल्यावर.

फ्लोटबद्दल जे लिहिलंस ते मात्र मागे घे. बाकी शिव्या ठेवून घेतल्या.

तुझ्या भावजयीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, नमस्कार. तिचा तुझ्यावर अजून जीव आहे, का ते तिलाच ठाऊक.

बारकू

---

ता. १३ मार्च

चि. बारकूस,
अ. उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं. चव्वेचाळीसचं तुला माहीत आहे म्हणतोस. म्हणजे चूक झाली नाही, चूक केलीस. सुळ्याच्या दाताला केसाइतका फरक पडला तर कवळी परत करणारा तू, आणि पंख तीन सेंटिमीटर जास्त झाले त्यावर अवाक्षर नाही. आणि एवढं सगळं ऐकून झोंबलं काय, तर फ्लोट. खाई त्याला खवखवे.

म्हणून भिंग घेऊन फोटो पुन्हा पाहिला. अकरा सेंटिमीटरचं विमान दीडशेपटीनं लहान केलेल्या जहाजाला लागतं. त्या घरात दीडशेच्या मापाचं एकच जहाज होतं. माझं. एकोणचाळीस साली ते जहाज होतं तसं, राखाडी, विमानासकट. विमानच तेवढं करायचं राहिलं होतं.

आणि विमानाच्या पंख्याची पाती निळसर दिसतायत. ते निळं पोलाद आहे, बायकी घड्याळाचे काटे. तुझ्या दातांच्या कारखान्यात घड्याळाचे काटे येत नाहीत. आपल्या घरात घड्याळं दुरुस्त करणारा माणूस एकच होता.

हे विमान बाबांनी केलं. कधी केलं, कुणासाठी केलं आणि ते तुझ्या जहाजावर कसं गेलं, हे मला लिही. गोलगोल लिहू नकोस. मी अहवाल थांबवून ठेवलाय.

ताई

---

ता. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहितो. तुझी भीती वाटते म्हणून नाही. बायकोनं तुझं पत्र वाचलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

त्या शेवटच्या हिवाळ्यात बाबा उशीला टेकून, डोळ्याला भिंग लावून, मांडीवरच्या पाटावर काहीतरी करत बसायचे. मला वाटलं माझ्या जहाजासाठी चाललंय. विचारलं तर थांब म्हणायचे. दोन महिन्यांनी त्यांनी ते तळहातावर ठेवून दाखवलं आणि म्हणाले, हे ताईला पाठव. तिचं जहाज त्या दिवशी दाखवायला हवं होतं, माझं चुकलं, असंही त्यात लिही म्हणाले. डावा फ्लोट वाकडा झालाय, हात ऐकत नाही, ती सरळ करून घेईल, तिला वाकडं खपत नाही, असं म्हणून हसलेसुद्धा.

भरवायचो मी. कूस मी बदलायचो. कारखान्यातून धावत घरी मी यायचो. आणि त्यांनी शेवटचं काय केलं, तर विमान. माझ्या जहाजावर विमानाला जागाच नव्हती, ताई. तुझ्याच शिकवणीनं मी ते चव्वेचाळीसचं केलं होतं, अगदी बिनचूक. बाबांनी हात लावावा असं त्यावर काही उरलंच नव्हतं.

मी ते पाठवलं नाही. पाठवलं म्हणून सांगितलं. ते रोज विचारायचे, ताईचं उत्तर आलं का. मी नाही म्हणायचो. ते खोटं नव्हतं, एवढंच स्वतःला सांगत राहिलो. ते गेल्यावर मी चौकट बनवली आणि विमान माझ्या जहाजावर चिकटवलं. फोटोत कुणी मोजणार नाही असं वाटलं. तपासणारी तू असशील हे कुठे माहीत होतं.

काल ते पातळ सुरीनं सोडवलं, चौकटही काढली. मोडलं काही नाही. तोफघरावर गोंदाचा डाग राहिलाय. टपालानं पाठवणार नाही, पंख तुटतील. मंडळाला हवं ते कळव.

बारकू

---

ता. २० मार्च

चि. बारकूस,

आशीर्वाद आज लिहीत नाही. पुढच्या वेळी बघू.

अहवाल गेला. त्यात लिहिलंय की जहाज बिनचूक आहे, मागच्या तोफघरावर काही नाही, गोंदाचा एक डाग आहे, तो कुणी रंगवू नये. कपाटात जाईल तुझं जहाज. मी खोटं लिहीत नाही, तुझ्यासाठी तर नाहीच.

मी उत्तर दिलं नाही असं समजून बाबा गेले. रोज विचारून गेले. हे तुझ्याकडून फिटायचं नाही आणि मी ते सोडायची नाही. बाबा असेपर्यंत आले नाही त्याचा माझा हिशेब वेगळा आहे, तो मी तुझ्यापुढे मांडणार नाही.

शनिवारी सकाळी येते. तुझ्या बायकोला सांग, मी तिच्याकडे येते आहे. माझं जहाज कपाटावरून खाली काढून टेबलावर ठेव, वर्तमानपत्रासकट, धूळ मी पुसेन. गोंद माझा आणते.

विमान माझ्या हातात तूच दे, बाबांनी तुला सांगितलं होतं तसं. बोलू मात्र नकोस. आणि तोवर त्या डाव्या फ्लोटला सरळ करायला म्हणून हात लावलास तर याद राख. तो तसाच बसवणार आहे मी.

ताई