न धुतलेली बंडी

बोरी बुद्रुक
मंगळवार, १४ ऑगस्ट २००७

चंपी गेली. सकाळी मास्तरांचा फोन आला, तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

दोन वर्षांपूर्वी आमचे विसराळू झालेले मामंजी उसात शिरले ते किती हाका मारल्या तरी बाहेर येईनात. त्याच उसात बिबट्या होता. सगळं गाव काठ्या घेऊन बांधावर उभं. नारायणगावहून मास्तर आपली माग काढणारी कुत्री, चंपी, घेऊन आले, एक पैसा न घेता. वासासाठी मामंजींचा कपडा मागितला, तर मी धुतलेली, घडीची बंडी नेली. पावण्यांपुढं मळकं कसं ठेवायचं?

"वहिनी, धुतलेली नको. घामाची द्या."

मळकी बंडी हुंगून चंपी निघाली.

"नका जाऊ राव, बिबट्या पयलं कुत्रंच उचलतो!" बांधावरून कुणी ओरडलं.

तिला त्याचा वास आला नसेल? आलाच असणार. पाठीवरचे केस ताठ उभे होते, तरी गेली. मागं मास्तर, हातात नुसती दोरी. बऱ्याच वेळानं आतून भुंकणं ऐकू आलं. मामंजी जिवंत होते!

आज फोनवर मास्तर म्हणाले, "हिनं चंपीचं पांघरूण धुवायला काढलं होतं, वहिनी. मी हातातून काढून घेतलं."