एका गिऱ्हाइकाला एकच कुपन

५ जानेवारी, सोमवार
कुपनं संपली. प्रशांतला ऑफिसातून दर महिन्याला जेवणाची कुपनं मिळायची, ती. खराडीतली नोकरी दिवाळीनंतर गेली, कुपनं तेवढी मागे उरली होती. मी ती डिसेंबरभर मारवाड्यासारखी पुरवली. आज शेवटच्या दोनांची तूरडाळ आणली. आता किराणा खऱ्या पैशांनी.
(प्रशांतला यापुढे प्र. लिहिणार. काटकसर म्हणजे काटकसर.)
फ्रिजवर आठवड्याचा तक्ता लावला. कुठल्या वेळी काय, आणि त्यातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी कशात जाणार. सईने वाचून "होस्टेल" एवढंच म्हटलं. लेकीचं वय तेरा, तोंड पन्नाशीचं. प्र.ने वाचलाच नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बोट फिरवत सगळा वाचला. उद्या फोडणीचा भात करायचा म्हणून आज भात जास्त लावायचा, म्हणजे शिळं मुद्दाम करायचं का, असं विचारलं. हो म्हटलं. मुद्दाम.

८ जाने., गुरुवार
मोठ्या दुकानात दर गुरुवारी तेलाची नाहीतर पिठाची पिशवी जवळजवळ निम्म्या किमतीत. पेपरात कुपन येतं ते कापून न्यायचं, काउंटरवर मोबाइल नंबर सांगायचा. खाली बारीक अक्षरात: एका गिऱ्हाइकाला एकच. आमचा पेपर बंद केलाय. शेजारच्या काकूंकडून दोन, दवाखान्यातल्या पेपरातून एक. (मी दातांच्या दवाखान्यात सकाळी बसते, अपॉइंटमेंट लिहायला. तिथला पेपर दुपारपर्यंत कोणाला नको असतो.)
तिघी गेलो. मी, आई, सई. तीन रांगा, तीन पिशव्या, तीन नंबर. सईने बापाचा सांगितला. आईंकडे स्वतःचा बटणांचा फोन आहे, नंबर तोंडपाठ. ठरलं होतं, आत गेल्यावर कोणी कोणाला ओळखायचं नाही.
आईंनी तर कमाल केली. डाळींच्या रॅकपाशी मला म्हणाल्या, "ओ बाई, सरकता का जराशा?" मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर तिघीही रस्त्यात हसत उभ्या. दिवाळीनंतर घरातलं कोणी असं हसलं नव्हतं. तेल महिनाभर पुरेल.

१२ जाने., सोमवार
आईंनी सोमवार धरले. प्र.च्या नोकरीसाठी. महादेवाला सांगून आल्या, मग आम्हाला सांगितलं. हिंगणघाटला नाक्यावरच्या देवळात जायच्या, इथे येरवड्यात शोधून काढलंय एक.
मी लगेच साबुदाण्याचा हिशोब मांडायला लागले. साबुदाणा, दाणे, तूप, म्हणजे उपास जेवणाच्या वर महाग. त्यांना कळलंच असणार. म्हणाल्या, खिचडी नको, साबुदाण्यानं तसंही शुगर वाढते, आपलं चहावर भागते.
तक्त्यात लिहिलं, 'सोम. – आई उपास'. पीठ त्या मानाने कमी मळलं.
खरं लिहायचं तर बरं वाटलं.

१५ जाने., गुरुवार
काल संक्रांत. गूळपोळी तक्त्यात बसत नव्हती, वड्या थापल्या. चांगल्या झाल्या. काल एकादशीही होती, त्यामुळे आईंचा उपास. आज म्हणाल्या गुरुवारही धरते, दत्ताचा. शनिवार मारुतीचा आहेच, तो जुना. देव वाढत चाललेत, पोळ्या कमी होतायत.
प्र. म्हणाला, आईला शुगर आहे, इतके उपास कशाला. मी म्हटलं, तुझी आई, तू सांग. तो उठून गॅलरीत गेला. हल्ली बराच वेळ गॅलरीत असतो.
संध्याकाळी दुकान. तीन रांगा. आज आई जरा हळू चालत होत्या. हसलो नाही फारसं. सवय झाली.

१९ जाने., सोमवार
प्र.ला मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीला बोलावलंय. कंपनी खराडीतलीच, आधीच्या ऑफिसच्या समोर. म्हणजे रोज तेच फाटक बघायचं. पण मिळू दे.
डबा मी भरला होता, दोन पोळ्या आणि मटकी. तो निघताना मी डबा उचलला तर जड लागला. उघडला तर चार पोळ्या. आई ओट्यापाशीच होत्या. म्हणाल्या, "मले भूकच नाई लागून राह्यली वं. मायावाल्या त्याले देल्या."
आज सोमवार. त्यांच्या पोळ्या मी आज केल्याच नव्हत्या. म्हणजे या कालच्या, रविवारच्या. काल उपास नव्हता.
विचारायला हवं होतं, काल काय खाल्लं. विचारलं असतं तर तक्ता नव्याने मांडावा लागला असता. डबा बंद करून त्याच्या हातात दिला.

२२ जाने., गुरुवार
लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाला सांगणार.
दुकानात नेहमीसारख्या तीन रांगा. माझं बिल चालू होतं, तेल मशीनवरून गेलं होतं, कुपन मुलीच्या हातात. आई बाजूच्या रांगेत, दोन माणसं मागे. सई पार पलीकडे. मला डोळ्याच्या कडेने दिसलं, आईंनी ट्रॉलीचा दांडा धरला आणि हळूच खाली बसल्या. पडल्या नाहीत. बसल्या, मग कलंडल्या. डाळीचं पाकीट फुटलं.
काउंटरवरची मुलगी उभी राहिली आणि मोठ्याने विचारलं, "या आजींबरोबर कोण आहे?"
मी बोलले नाही.
किती वेळ, एक श्वास असेल. भीतीने गप्प बसले म्हणावं तर तसंही नाही. डोक्यात काय आलं ते स्वच्छ आठवतंय: बिल होऊ दे, नाहीतर तिन्ही कुपनं जातील.
तिने पुन्हा विचारलं. तेवढ्यात सई "आजी" म्हणून पळत आली, मग मीही.
वॉचमनने साखरेचं पाणी दिलं. रिक्षा. डॉक्टर म्हणाले गोळी घेतली आणि पोटात काही नाही, साखर एकदम उतरली. आधीचं जेवण कधी, विचारलं. आई म्हणाल्या, उपास आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घरी असता ना?"
आमच्या दवाखान्यात मी रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, गोळी जेवणानंतर, रिकाम्या पोटी घेऊ नका. अनोळखी लोकांना सांगते.

२३ जाने., शुक्रवार
रजा. आईंना सकाळी पेज, मग वरण-भात. खाल्ला. बोलल्या नेहमीसारख्याच, आमटीत गूळ कमी टाक, पुन्याची आमटी म्हंजे खीर. माझं माहेर कसब्यातलं, हे त्या वीस वर्षं सहन करतायत.
प्र.ने तक्ता काढून घडी घालून कपाटात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
सई शाळेतून आली, दप्तर न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.
"तू आधी का नाही बोललीस?"
म्हटलं, गर्दी होती, मला दिसलंच नाही.
"त्यांनी दोनदा विचारलं, आई."
मी कांदा चिरत राहिले. ती आत गेली. रागाने गेली असती तर समजलं असतं. नुसती गेली.

२६ जाने., सोमवार
झेंडावंदन करून सई आली, तेव्हा घरात वाद चाललेला. आई म्हणतात सोमवार मोडणार नाही. प्र. म्हणाला डॉक्टरांनी सांगितलंय. मी म्हटलं, देवाला शुगर कळते. हे मी चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण माझा आवाज असा आहे की टोमणाच वाटतो.
आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तूच तं लिवलं होतं ना, आई उपास."
कपाटातून तक्ता काढला, त्यांच्यासमोर ती ओळ खोडली. मग लाज वाटली, खोडल्याने काय होतंय. सगळाच फाडला.
म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुमच्या न जेवण्यावर मी घर चालवत होते."
प्र. खुर्चीवर बसला होता तो उठला, परत बसला. आई म्हणाल्या, घरात भगर हाय का. नव्हती. जाऊन आणली. भगर, दाण्याची आमटी, वेळेवर. गोळी त्यानंतर. सोमवार राहिला आणि पोटही भरलं. गुरुवार, शनिवार डॉक्टरच्या नावावर सोडते म्हणाल्या.
दुकानातलं मात्र बोलले नाही. चुकलं म्हटलं त्यात ते येतं का? नाही येत.

२९ जाने., गुरुवार
दुकानात गेलो नाही. डाळ-तांदूळ कोपऱ्यावरून आणले, पूर्ण किमतीत. काकू कुपनं घेऊन दारात आल्या, कापून, नीट घडी घालून. घेतली. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.
एकच गोष्ट फिरतेय डोक्यात. त्या खाली पडल्या होत्या तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. तोंड माझ्या बाजूला. डॉक्टर म्हणतात अशा वेळी माणसाला धड काही कळत नाही. धड म्हणजे किती?
आई माझ्याशी बदललेल्या नाहीत. उलट कालपासून ओट्यावर येऊन कणीक मळतात, नको म्हटलं तरी. मला ते जास्त जड जातंय.

२ फेब्रु., सोमवार
प्र.ला कंपनीकडून काही नाही. "कळवतो" म्हणालेत. फोन खिशात न ठेवता समोर ठेवून बसतो.
नवा तक्ता केला. तक्त्याशिवाय भागत नाही, आठवडाभर करून पाहिलं, भाजी सडली. पण आता चार नावांचे चार रकाने, प्रत्येकाने काय खाल्लं ते रात्री लिहायचं. सईची कल्पना. ती माझ्याशी कामापुरतं बोलते, पण बोलते. आईंच्या रकान्यात तीच लिहिते, माझ्यावर सोडत नाही.
आजचा आईंचा रकाना: भगर, आमटी, ताक, एक केळं. खाली सईची सही.

५ फेब्रु., गुरुवार
सई म्हणाली मी येणार नाही. ठीक. मी एकटीच निघत होते. तेल उरलंय अजून, पण पीठ संपलं होतं आणि कुपनं पर्समध्ये होती. तीन. नवी.
आई चपला घालून दारात उभ्या. मी नको म्हटलं, चक्कर बिक्कर येईल, ऊन आहे. म्हणाल्या, "जेवली मी. गोळीबी घेतली. चाल."
रस्ताभर मी विचार करत होते, रांगेपाशी पोचल्यावर काय बोलू. तुम्ही तिकडे उभ्या राहा म्हणणं शक्य नव्हतं. नका राहू म्हटलं तर तो विषय निघणार.
मी रांगेत लागले. आई पलीकडच्या रांगेकडे गेल्या नाहीत. माझ्या ट्रॉलीचा दांडा दुसऱ्या बाजूने धरला.
"आज तुयासंगच राहते मी. एकच बिल होऊ दे."
माझ्याकडे न बघता म्हणाल्या. समोर बिस्किटांचा ढीग होता, त्याकडे बघत.
काउंटरवर तीच मुलगी. तिने आईंना ओळखलं. बऱ्या आहात का आजी, म्हणाली, मग विचारलं, आज कोण आहे बरोबर? चौकशीच होती बिचारीची. आई एरवी कोणालाही फटकन उत्तर देतात. आज थांबल्या. पदर सारखा केला.
"मी आहे," म्हटलं. "मी सून त्यांची. त्या दिवशीही होते."
मुलीने मान हलवली, नंबर विचारला. तो आईंनी सांगितला, नेहमीच्या चालीत. एक बिल, एक कुपन. बाकीची दोन तिथेच काउंटरवर ठेवली, मागच्या बाईंना उपयोगी पडली.
येताना पिशवी दोघींनी एकेका कानाला धरली. त्या दिवशी मुलीने विचारलेलं त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे मला कधी कळणार नाही बहुतेक.
संध्याकाळी पिठलं-भाकरी. चार ताटं. प्र.चा फोन ताटाशेजारी, वाजला नाही. आईंनी एक भाकरी खाल्ली, दुसरी मोडली, आणि अर्धी उचलून माझ्या ताटात ठेवायला लागल्या. मी ताटावर हात आडवा धरला. सई बघत होती.
आईंचा हात तसाच थांबला, भाकरीसकट. माझाही.